केमो चालू असताना चालायचं की पडून राहायचं?

लालबागची सून:
वय ४६, ब्रेस्टची केस. लाल औषधाची (डॉक्सोरुबिसिन) तिसरी केमो मागच्या मंगळवारी झाली, २१ दिवसांनी चौथी. हा थकवा साधा नाही. नऊ तास झोपून उठते तरी अंगात ओली वाळू भरल्यासारखं वाटतं. काल टॉवेल वाळत घालायला हात वर केला, तो अर्धा दोरीवर, अर्धा माझ्या डोक्यावर, आणि मी खाली बसले. सासूबाई म्हणतात, पडून राहा, बळ जपून ठेव. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. एवढंच, की पुढचा पेशंट आत. चालायचं कुठे आणि किती? चाळीत दुसरा मजला, लिफ्ट नाही, खाली सगळे बाइकवाले.

डोंबिवलीची मावशी:
अगं, सासूबाईंचं चुकत नाही, तापात आपण पडूनच राहतो ना. पण हा थकवा झोपून जात नाही. उलट पडून राहिलं की पायातलं बळ जातं, मग संडासापर्यंत जाताना धाप लागते. पहिल्या केमोला मी आठ दिवस पलंग सोडला नव्हता, म्हणून सांगते. दुसरीपासून वहीत लिहायला लागले, आजचा थकवा दहापैकी किती. माझे दुसरा ते पाचवा दिवस बेकार जायचे. त्या दिवसांत ५ मिनिटं, दोनदा, बस्स. नंतर १० मिनिटं, तीनदा. बरं वाटलं म्हणून एकदा अख्खं कपाट आवरलं आणि दोन दिवस आडवी! गॅलरी आहे ना चाळीला? तिथेच चाल. चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, इतपत वेग.

ठाण्याचा फिजिओ:
ताई, आधी रक्ताचा रिपोर्ट दाखवा. हिमोग्लोबिन उतरलं असेल किंवा थायरॉइड बिघडला असेल तर नुसतं चालून भागणार नाही. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, म्हणजे तुमचे हेच दिवस. गर्दी टाळा, गॅलरी उत्तम. ताप १००.४ झाला तर गोळी घेऊन झोपू नका, लगेच हॉस्पिटलला फोन. लाल औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे धाप वाढली, पाय सुजले, छातीत दुखलं तर चालणं थांबवून डॉक्टरांना गाठा. सगळं ठीक असेल तर हळूहळू आठवड्यातून ३ दिवस ३०-३० मिनिटांपर्यंत जायचं. २०१९च्या अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या शिफारशी थकव्यासाठी तेच सांगतात. जोडीला खुर्चीवरून उठ-बस, हात न टेकता.

कल्याणचा नवरा:
बायकोच्या रेडिएशनला रोज लोकलने परळ करायचो. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटला बसता येतं, हे आम्हाला तिसऱ्या आठवड्यात कळलं. हॉस्पिटलचा कागद जवळ ठेवा. धक्के खाण्यात जाणारी ताकद चालायला उरते.

लालबागची सून:
रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन ९.४. डॉक्टर म्हणाले, चाला, पण दमाने. गॅलरी टोकापासून टोकापर्यंत ५२ पावलं. काल संध्याकाळी सहा फेऱ्या झाल्या. मधल्या खोलीतल्या काकूंनी दाराबाहेर स्टूल ठेवलंय, तिसऱ्या फेरीनंतर त्यावर टेकले. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या मागून चालत होत्या, ‘पडलीस तर?’ म्हणत. चौथ्या फेरीला त्यांचेच गुडघे बोलले आणि त्या स्टुलावर बसल्या. टॉवेल मात्र अजून नवराच वाळत घालतोय.