बंदी घाला, पण कुणावर?

'ठाण्याच्या खाडीतली मासेमारी पूर्ण बंद करा, पाच वर्षांत बंद भागाबाहेरही मासळीच मासळी' असं काही जण म्हणतात. मेक्सिकोत काबो पुल्मो या सागरी उद्यानात बंदीचा फायदा झाला खरा. १९९५ मध्ये संरक्षण मिळालं आणि १९९९ ते २००९ या दहा वर्षांत उद्यानातला माशांचा साठा पाचपटीच्या वर गेला. पण तिथे प्रवाळ आणि स्वच्छ पाणी. आपल्याकडे ऐरोली ते वाशी पुलादरम्यान फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ पासून आहे, २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेलं. तरी ओहोटीला पाग (हाताने फेकायचं जाळं) झटकला की चार बोयी, दोन निवट्या आणि मूठभर दुधाच्या पिशव्या! (पिशव्यांना मात्र कुणी अडवत नाही.)

पागवाल्या कोळ्याला हाकलून सांडपाणी थांबत नाही. बंदी हवीच, पण बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यांवर आणि तिवरांतल्या चिंचोळ्या नाळींत, जिथे कोळंबीची पिल्लं वाढतात. त्या नाळी कुठल्या, हे नकाशापेक्षा वाशीगावातल्या म्हाताऱ्यांना जास्त पाठ आहे. वन्यजीव कायद्यातही सागरी हद्द अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपा असं म्हटलंय. मग हद्दी आखताना त्यांनाच बाजूला का बसवायचं?