कासवाच्या पाठीवरचा ट्रान्समीटर गप्प झाला, तर त्यातून काय समजायचे?

वाळूवरची_पावले (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेकडील एका लहान किनारी गावात राहतो आणि ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीच्या हंगामात कासवमित्रांसोबत पहाटेच्या गस्तीला जातो. घरटे शोधणे, अंडी हॅचरीत हलवणे आणि पिल्ले पाण्यापर्यंत नीट पोहोचताना पाहणे एवढाच माझा अनुभव आहे. अंडी घालून परतलेल्या मादीचे समुद्रात पुढे काय होते, ते आम्हाला कधीच दिसत नाही. म्हणूनच जानेवारी 2022 मध्ये वेळास आणि आंजर्ले येथे ‘प्रथमा’ आणि ‘सावनी’ यांच्या पाठीवर, आणि पुढच्याच महिन्यात गुहागरला ‘रेवा’, ‘लक्ष्मी’ आणि ‘वनश्री’ यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले गेले, तेव्हा आमच्याकडे घरातलेच कोणी लांबच्या प्रवासाला निघाल्यासारखे वाटले होते. नकाशावरचा ठिपका आज कुठवर गेला, हे लोक एकमेकांना आवर्जून विचारत असत. पुढे एकेक करून ते ठिपके थांबले.

आमच्या शेजारच्या एका वयस्कर तांडेलांनी (मासेमारी बोटीच्या प्रमुखांनी) तेव्हा मला सरळ विचारले, की यंत्र गप्प झाले म्हणजे कासव मेले का, आणि मेले असेल तर ते त्या यंत्रामुळेच मेले नसेल कशावरून. त्यांनी आयुष्यभर जाळ्यात अडकलेली कासवे सोडवली आहेत, त्यामुळे त्यांचा प्रश्न मला टाळता येत नाही, पण उत्तरही देता आले नाही. शिवाय माझी स्वतःची एक शंका आहे. ठिपक्यांवरून वाट कळते हे मान्य. पण प्राणी पाण्याखाली काय करतो, कसा जगतो, हे अशा यंत्रातून खरोखर कळते का? या विषयात काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

खोलपाणी

मी काही वर्षे परदेशात सागरी प्राण्यांच्या टॅगमधून, म्हणजे अंगावर बसवलेल्या अशा यंत्रांतून, येणाऱ्या माहितीवर काम केले आहे, म्हणून आधी ‘गप्प होणे’ म्हणजे काय तेवढेच सांगतो, कारण तांडेलांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे.

खाऱ्या पाण्यातून रेडिओलहरी जात नाहीत. त्यामुळे कासव श्वासासाठी वर येते आणि अँटेना पाण्याबाहेर निघते, तेवढ्या थोड्या वेळातच ट्रान्समीटरला आपला संदेश पाठवावा लागतो. कासव बुडालेले असताना बॅटरी वाया जाऊ नये म्हणून यंत्रावर दोन धातूचे बिंदू असतात. त्यांच्यामधून खारे पाणी वीज वाहून नेत असेल तर यंत्र पाण्याखाली आहे असे समजते आणि शांत राहते. संदेश टिपणारे आर्गोस प्रणालीचे उपग्रह पृथ्वीपासून साधारण 850 किलोमीटरवरून ध्रुवांना ओलांडत फिरतात आणि एका फेरीत एखाद्या ठिकाणावर जेमतेम दहा मिनिटे असतात. जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीचा स्वर जसा चढा लागतो आणि दूर जाताना उतरतो, तसाच संदेशाच्या वारंवारतेत पडणारा फरक मोजून कासवाचे ठिकाण काढले जाते. त्यासाठी एकाच फेरीत अनेक संदेश पोहोचावे लागतात. पुरेसे पोहोचले तर चूक 250 मीटरच्या आत राहते. एकदोनच पोहोचले तर ती कित्येक किलोमीटर असू शकते. नकाशावर कासव अचानक डोंगरावर गेलेले दिसते ते यामुळे.

आता यंत्र गप्प का होते, ते पाहू. बॅटरी संपते. अँटेना खडकावर किंवा तळाशी घासून तुटते. इपॉक्सी या घट्ट गोंदाने चिकटवलेला टॅग कवचाचा वरचा थर सुटताना निघून जातो. आणि सर्वांत फसवे कारण म्हणजे शेवाळ आणि बार्नकल (पृष्ठभागाला चिकटून वाढणारे लहान कवचधारी जीव): त्यांनी ते दोन बिंदू झाकले, की कासव पृष्ठभागावर येऊनही यंत्राला आपण पाण्यातच आहोत असे वाटत राहते आणि ते बोलतच नाही. अशा वेळी यंत्र चांगले असते, कासवही सुखरूप असू शकते, फक्त आपल्याला काही कळत नाही.

मृत्यूची खूण बहुतेक वेळा याच्या नेमकी उलट असते, आणि हे त्या तांडेलांना मुद्दाम सांगा. कासव मरून तरंगू लागले, किनाऱ्याला लागले किंवा एखाद्या बोटीवर घेतले गेले, तर अँटेना सतत हवेत राहते. संदेशांचा ओघ एकदम वाढतो, ठिकाणे अचूक येऊ लागतात आणि बुड्यांची नोंद बंद होते. कधीकधी ठिपका रस्त्याच्या वेगाने एखाद्या गावाकडे निघतो. म्हणून शेवटच्या काही दिवसांचे संदेश पाहिल्याशिवाय, केवळ ठिपका थांबला एवढ्यावरून, कासव मेले असे म्हणता येत नाही. जिवंत आहे असेही म्हणता येत नाही, हेही तितकेच खरे.

हिमखंड

दुसऱ्या शंकेबद्दल लिहिते. पाण्याखालचे वागणे टिपण्याचा प्रयत्न उपग्रहांच्या फार आधीचा आहे. 1960च्या दशकात जेराल्ड कुयमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने अंटार्क्टिकातील मॅकमर्डो सामुद्रधुनीत वेडेल सीलच्या पाठीवर एक खोलीमापक बसवला; त्याचे घड्याळ म्हणजे स्वयंपाकघरात वापरतात तसा साठ मिनिटांचा टायमर होता. सील कुठेही निघून गेला असता तर यंत्र हरवले असते. म्हणून कुयमनने जाड बर्फात एकटेच भोक पाडले, जवळपास श्वास घ्यायला दुसरी जागाच नव्हती, आणि सीलला त्याच भोकातून वर यावे लागले. तो सहाशे मीटर खोल जातो आणि चाळीस मिनिटांहून अधिक काळ श्वास रोखतो, हे अशा रीतीने कळले. मला ही कल्पना आजच्या कित्येक महागड्या यंत्रांपेक्षा मोलाची वाटते, कारण त्यात प्राण्याच्या सवयीचा आधी विचार केलेला होता.

आज त्याच वाटेने किती पुढे जाता येते ते पाहा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील उत्तरी एलिफंट सीलच्या डोक्यावर मेंदूतील विद्युतलहरी नोंदवणारे यंत्र बसवून 2023 मध्ये असे दाखवले गेले, की समुद्रातल्या सात महिन्यांत ही जनावरे दिवसाला सरासरी दोनच तास झोपतात, तेही खोल बुडी मारताना, वीस मिनिटांहून कमी वेळाच्या डुलक्यांनी, गिरक्या घेत खाली जात असताना. शिकारी शार्क आणि ऑर्का (किलर व्हेल) ज्या वरच्या थरात वावरतात, तो थर पार केल्यावरच त्यांना झोप लागते. केवळ ठिपक्यांच्या नकाशातून हे कोणालाही कधीच कळले नसते.

दक्षिणी एलिफंट सीलच्या बाबतीत तर प्राणी स्वतःच समुद्रशास्त्रज्ञाचे काम करतो. केस गळून नवे आल्यावर त्याच्या डोक्यावर तापमान, क्षारता आणि खोली मोजणारा टॅग चिकटवतात, आणि पुढच्या वर्षी केस गळताना तो आपोआप पडून जातो. हिवाळ्यात जिथे जहाज बर्फामुळे पोहोचू शकत नाही, तिथल्या पाण्याच्या नोंदी अशा सीलनी पाठवल्या आहेत. पूर्व अंटार्क्टिकातील केप डार्नली येथे समुद्रतळाशी जाणारे अतिथंड, जड पाणी तयार होते, याला 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दुजोरा मिळाला, त्यात सीलनी आणलेल्या मोजमापांचाही वाटा होता.

आपल्या अरबी समुद्रातलेही एक उदाहरण देते. 2017च्या अखेरीस ओमानजवळ टॅग लावलेली ‘लुबान’ नावाची हंपबॅक व्हेल मादी सरळ समुद्र ओलांडून गोव्याच्या दिशेने आली, केरळच्या किनाऱ्याने दक्षिण टोकापर्यंत गेली आणि पुन्हा ओमानकडे परतली. ओमानजवळ या व्हेलची संख्या शंभराहून कमी मानली जाते आणि इतर हंपबॅकप्रमाणे त्या ध्रुवीय समुद्राकडे जात नाहीत. भारताचा किनारा त्यांच्या राहत्या घराचा भाग आहे, हे या एका प्राण्याने दाखवले.

रापणकर

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण इजेचा प्रश्न मागे पडू नये असे मला वाटते. तांडेलांची शंका अडाणीपणाची नाही. दक्षिण हिंदी महासागरातील क्रोझे बेटांवरील किंग पेंग्विनच्या पंखांना ओळखीसाठी धातूच्या पट्ट्या लावत असत. शंभर पक्ष्यांवर दहा वर्षे लक्ष ठेवून 2011 मध्ये असे दिसून आले, की पट्टी लावलेल्यांना 39 टक्के कमी पिल्ले झाली आणि त्यांचे जगण्याचे प्रमाण 16 टक्क्यांनी कमी होते. पट्टीला बॅटरी नव्हती, वजनही फारसे नव्हते. पोहताना पाण्याचा अडथळा वाढत होता. कासवाच्या बाबतीतही वजनापेक्षा टॅगचा आकार आणि तो कवचावर कुठे बसवला आहे, हे जास्त महत्त्वाचे ठरते. पूर्ण वाढलेल्या रिडलेला काही शे ग्रॅम जड नसतात, पण उंच, चौकोनी टॅग महिनोन्‌महिने पाणी कापत नेणे म्हणजे ताकद खर्च करणे आहे.

म्हणून टॅग लावण्याआधी प्रश्न ठरलेला असावा, आणि त्याचे उत्तर मिळण्याइतके प्राणी निवडलेले असावेत, असे माझे ठाम मत आहे. लिटल अंदमानच्या एकाच किनाऱ्यावरून निघालेल्या लेदरबॅक कासवांच्या माद्यांपैकी काही आफ्रिकेच्या बाजूला गेल्या आणि काही ऑस्ट्रेलियाच्या. तिथे एकच मादी टॅग केली असती तर आपण अर्धा महासागर चुकलो असतो. शिवाय किनाऱ्यावर फक्त माद्याच येतात, त्यामुळे नर आणि लहान कासवे या नकाशांत जवळजवळ नसतातच.

वाळूवरची_पावले

आपणा सर्वांचा आभारी आहे. ‘संदेश वाढणे हीच वाईट खूण’ हे तांडेलांना सांगितले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, की मेलेले कासव तरंगते हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे, यंत्रालाही तेच कळते तर.

एक गोष्ट विचारायची राहिली. 2021 मध्ये ओडिशात पराला (वल्ह्यासारख्या पुढच्या पायाला) क्रमांक असलेला साधा धातूचा टॅग लावलेली एक मादी 2025च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. मग उपग्रह टॅगची गरज किती?

खोलपाणी

त्या धातूच्या टॅगने दोन ठिकाणे आणि दोन तारखा दिल्या. मधली जवळपास चार वर्षे कोरी आहेत. ती मादी कोणत्या वाटेने आली, किती वेळा आली-गेली, हे त्यातून कळत नाही. पण 2023च्या फेब्रुवारीत गुहागरला उपग्रह टॅग लावलेली ‘बागेश्री’ कर्नाटक आणि केरळच्या किनाऱ्याने, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली, आणि ती वाट दिवसागणिक नोंदली गेली. दोन्ही नोंदी एकमेकींशेजारी ठेवल्या, तेव्हाच पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या कासवांचे नाते विचारात घेण्याजोगे झाले. स्वस्त टॅग शेकडो कासवांना लावता येतो आणि तो अनेक वर्षे टिकतो; त्याला फक्त कोणीतरी पहाटे वाळूवर वाकून क्रमांक वाचावा लागतो. गस्तीत मादी दिसली तर तिला अंडी घालून परत फिरू द्या, मगच दोन्ही पुढचे पर लांबून, मंद लाल प्रकाशात पाहा, क्रमांक आणि वेळ लिहून घ्या आणि वनविभागाला कळवा. टॅग स्वतः काढू नका किंवा हलवू नका.

वाळूवरची_पावले

आजपासून गस्तीच्या वहीत ‘पराचा क्रमांक’ असा वेगळा रकाना आखला आहे.