चेक इंजिन लाईट: मागचा ऑक्सिजन सेन्सर की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर?

२०१७ ची बीएस-४ पेट्रोल हॅचबॅक आहे, ८४ हजार किमी, सीएनजी किट नाही. महिनाभरापासून चेक इंजिन लाईट येतोय, कोड पी०४२० (म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही). डिलीट केला की नाशिकरोडला दोन-तीन चकरा होईपर्यंत गप्प, मग परत हजर. गाडी मिसिंग मारत नाही, ऑइल खात नाही, अ‍ॅव्हरेज थोडं पडलंय.

द्वारकाजवळचा मेकॅनिक म्हणतो मागचा, म्हणजे कन्व्हर्टरनंतरचा ऑक्सिजन सेन्सर बदला, सर्व्हिस सेंटरवाले थेट कन्व्हर्टर सांगतात आणि खर्च ऐकून घाम फुटला. म्हणून आधी स्वतः बघितलं. सेन्सरचा कनेक्टर साफ केला, वायर कुठे जळालेली नाही, त्याच्या आतल्या हीटरच्या दोन वायरींत मल्टीमीटरवर ६ ओहम येतात, म्हणजे हीटर तरी जिवंत आहे. सायलेन्सरच्या जॉइंटवर साबणाचं पाणी मारलं, बुडबुडे नाहीत. ब्लूटूथ स्कॅनरवर गरम इंजिनला २५०० आरपीएम धरलं तर मागचा सेन्सर ०.६-०.७ व्होल्टला स्थिर राहायला हवा ना, तो पुढच्यासारखाच ०.१ ते ०.८ नाचतोय. मला तरी हे कन्व्हर्टरच वाटतंय, पण सेन्सर खराब असूनही असं दिसू शकतं का?

पीयूसी या महिन्यात संपतेय, आणि सेन्सर गंजून असा बसलाय की २२ चा पाना लावून उगाच थ्रेड घालवायचे नाहीत. लोकल कन्व्हर्टर टाकून कुणाचा हा कोड कायमचा गेलाय का? आणि खर्च करण्याआधी अंबड-सातपूरकडे बॅकप्रेशर (धूर आत अडतोय का) किंवा गॅस अ‍ॅनालायझर लावून नीट चेक करून देणारं कोण आहे?