रिक्वायरमेंट गॅदरिंगला मराठीत काय म्हणाल?

गवाक्ष: कोल्हापूरकडच्या एका दूध संस्थेचं सॉफ्टवेअर करतोय. त्यात कोणाला काय हवं ते विचारून नोंदवणं, म्हणजे रिक्वायरमेंट गॅदरिंग, चालू आहे. संचालक मंडळापुढे ठेवायच्या कागदात 'गरजांचे संकलन' लिहिलं, तर सचिव म्हणाले, "सकाळचं की संध्याकाळचं?" तिथे संकलन म्हणजे दुधाचंच! दुसरा शब्द सुचवा. प्रायॉरिटायझेशनलाही.

खडूस काका: आवश्यकता-निश्चिती आणि प्राधान्यक्रम. 'गरज' अरबी आहे. घरचे शब्द असताना उसने नाहक कशाला?

मीठभाकर: 'नाहक'ही तिकडचाच, काका. आणि अरबीत 'ग़रज़' म्हणजे हेतू, तो तर इथे चपखल बसतो. फॅटची छापील पावती ही मागणी. दहा दिवसांच्या बिलाचा हिशेब पटावा, ही गरज.

दुपारतिपार: 'आवश्यक' आला 'अवश्य'वरून, म्हणजे जे आपल्याला वश नाही, टळत नाही ते. मग त्यात पहिलं-दुसरं कसं लावणार?

खडूस काका: श्वास आणि जेवण दोन्ही आवश्यक. लावा क्रम.

गवाक्ष: माझ्या यादीत 32 मुद्दे आहेत आणि सगळ्यांपुढे 'तातडीचे'! अध्यक्षांना सभासदांच्या मोबाईलवर मेसेज हवा. सचिवांना पशुखाद्याची उचल बिलातून आपोआप वजा व्हायला हवी. काट्यावरचा पोरगा एवढंच म्हणतो, लाइट गेली तरी नोंद जाऊ नये. त्याचं ऐकायला बैठकीत कोणी नसतं.

बिटबाजार: क्रम लावायला मॉस्को (MoSCoW) पद्धत वापर. डाय क्लेग नावाच्या सॉफ्टवेअरवाल्याने 1994 साली काढली: मस्ट, शुड, कुड, वोन्ट यांची इंग्रजी आद्याक्षरं. मधले दोन 'ओ' नुसते उच्चारापुरते. रशियाचा काही संबंध नाही.

पंचगंगाकाठ: आमच्यात सरळ म्हणतात: पायजेच, पायजे, असलं तर बरं, आत्ता ऱ्हाऊ दे.

खडूस काका: संचालक मंडळाच्या कागदावर 'पायजे'?

मीठभाकर: 'पाहिजे' छापा की. 'पाहणे'चं जुनं कर्मणी रूप आहे ते, 'पाहिलं जातं' अशा अर्थाचं. 'म्हणिजे'चं 'म्हणजे' झालं, त्याच घरातलं.

दुपारतिपार: म्हणजे 'कीजे', 'दीजे' पण?

मीठभाकर: तेच.

गवाक्ष: बैठक सोमवारी आहे हो! तूर्त 'काय काय पाहिजे' एवढंच मथळ्यात टाकतो. क्रमाचं काय?

खडूस काका: 'मथळा' बातमीला. इथे शीर्षक.

दुपारतिपार: ते राहू द्या. हिंदीतलं 'कीजिए' या 'कीजे'चं भावंड का?