उतारावरची गाडी आणि ‘पी’चा ठक्क आवाज : आपले अनुभव सांगावेत

नौपाडेकर
काल संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या पोडियमच्या उतारावरून शेजाऱ्यांची नवी ऑटोमॅटिक गाडी निघताना ‘ठक्क’ असा आवाज झाला आणि मला वडिलांची पद्मिनी मोटार आठवली. येऊरच्या चढावर गाडी थांबवली की वडील आधी हँडब्रेक ओढत, मग गिअर टाकत आणि तेवढ्यानेही समाधान होत नसे म्हणून मला चाकामागे दगड लावायला खाली उतरवत. तो दगड कायम डिकीत असे आणि आईचा त्याच्यावर विशेष राग होता.

स्वतःची ऑटोमॅटिक घेतल्यावर मात्र ‘पी’त, म्हणजे पार्कमध्ये, टाकली म्हणजे झाले, अशा समजुतीत मी दोन वर्षे हँडब्रेकला हातसुद्धा लावला नाही. पुढे एका जुन्या मेकॅनिकने समजावून सांगितले की, ‘पी’त टाकल्यावर गिअरबॉक्समधली एक लहानशी पोलादी खिट्टी दातेरी चक्राच्या खाचेत जाऊन बसते, आणि हँडब्रेक नसेल तर उतारावर हजार-बाराशे किलोंची गाडी तिच्यावरच रेलून उभी राहते, निघताना ती दाबाखालून सुटते, तोच हा आवाज. तेव्हापासून मी पायाचा ब्रेक दाबून ‘एन’मध्ये (न्यूट्रलमध्ये) येतो, हँडब्रेक ओढतो, पाय हळूच उचलून गाडीला हँडब्रेकवर टेकू देतो आणि मग पुन्हा ब्रेक दाबून ‘पी’त टाकतो. आपापले अनुभव जरूर लिहावेत.

पारसिकवासिनी
बेलापूरला पारसिक हिलवर राहत असल्यामुळे हा क्रम आम्हाला पाठ करावाच लागला. निघतानाचा क्रमही तितकाच महत्त्वाचा आहे, तो राहिला म्हणून लिहिते. ब्रेक दाबलेला ठेवून आधी ‘पी’मधून बाहेर पडायचे आणि नंतर हँडब्रेक सोडायचा. आमचे यजमान नेमके उलट करत, त्यामुळे रात्रभर वाचवलेली खिट्टी सकाळी निघतानाच भाराखाली येई. त्यांना हे पटवायला मला एक पावसाळा लागला.

घोडबंदरकर
माझा दोष घाईचा होता. घोडबंदर रोडवर दीड तास रखडून घरी पोहोचल्यावर गाडी पूर्ण थांबायच्या आतच मी ‘पी’त टाकत असे, आणि आतून कटकट असा आवाज येई. खिट्टी फिरत्या दात्यांवरून उड्या मारते, असे कळल्यावर मी चाक पूर्ण थांबल्याची खात्री करू लागलो.

वाशीचे काका
मंडळी, आमच्या एएमटीला, म्हणजे मॅन्युअलचाच गिअरबॉक्स पण क्लच-गिअर आपोआप चालणाऱ्या गाडीला, ‘पी’ नाहीच, तेव्हा आम्ही काय करावे? २०१४ साली सेलेरिओबरोबर ही पद्धत आपल्याकडे आली, आणि माझ्यासारख्या अनेकांनी ‘एन’मध्येच गाडी बंद करण्याची सवय लावून घेतली. एकदा हँडब्रेक अर्धवट ओढला गेला आणि मी लिफ्टपर्यंत पोहोचेपर्यंत गाडी निवांतपणे उतरत तळमजल्यावरच्या कुंड्यांना जाऊन भेटली.

पारसिकवासिनी
काका, कुंड्यांवर निभावले हे बरे झाले. एएमटीमध्ये हँडब्रेक ओढून लिव्हर ‘डी’ (पुढे जाण्याच्या) किंवा ‘आर’ (मागे जाण्याच्या) गिअरमध्ये असतानाच इंजिन बंद करावे, म्हणजे आतला गिअर अडकलेला राहतो. तोंड चढाकडे असेल तर ‘डी’ आणि उताराकडे असेल तर ‘आर’. पुन्हा चालू करताना ब्रेक दाबून ‘एन’मध्ये आणावे. आपल्या गाडीची पुस्तिकाही एकदा पाहून घ्यावी.

माजी सचिव
सोसायटीत खरा छळ दुहेरी पार्किंगचा होतो. मॅन्युअल गाड्या न्यूट्रलमध्ये ठेवून रखवालदाराने ढकलायच्या, हा आमचा जुना रिवाज. पण ‘पी’तली गाडी ढकलली जात नाही, आणि रखवालदार चार माणसे बोलावून जोर लावतो तेव्हा तो सगळा जोर त्या खिट्टीवर जातो. शेवटी आम्ही ठराव केला की ऑटोमॅटिक गाड्या दुसऱ्या रांगेत लावायच्याच नाहीत. सभेत यावर झालेला वाद इथे लिहीत नाही.

खारघरची मेघना
पावसाळ्यात हँडब्रेक धरून बसतो म्हणून आम्ही तो ओढतच नव्हतो. गावाहून पंधरा दिवसांनी परतलो, तर मागची चाके जाम झालेली आढळली होती, तेव्हापासूनची ही धास्ती. आता गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागा शोधून ‘पी’त ठेवतो, चाकांना लाकडी ठोकळे लावतो आणि हँडब्रेक मोकळा सोडतो. रोजच्या उतारावर मात्र हँडब्रेक हवाच.

घोडबंदरकर
नौपाडेकर, तो दगड अजून आहे का?

नौपाडेकर
घर बदलताना आईने तो मोठ्या आनंदाने टाकून दिला. मेघनाताईंसारखेच दोन ठोकळे मी सुताराकडून करून घेतले आहेत, आणि ते डिकीत खडखडतात म्हणून आता सौभाग्यवतींचा राग सुरू झाला आहे.

वाशीचे काका
मुलाच्या नव्या गाडीत हँडब्रेकच्या जागी नुसते एक बटण आहे. तिथेही हाच क्रम पाळायचा का?

माजी सचिव
होय काका, क्रम तोच. फक्त बटण ओढल्यावर मोटरचा घुर्रर्र आवाज थांबेपर्यंत पाय ब्रेकवरून काढू नये.