मासे सोडले म्हणजे हिल्सा परतला काय?

नदीकाठचा (धागाकर्ता)

आमच्या महाविद्यालयातील मित्रांच्या गटात परवा एक लेख फिरत आला. पश्चिम बंगालमधील फराक्का बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला गंगेत हिल्सा सोडण्याचा सरकारी कार्यक्रम यशस्वी झाला असून आता हा मासा प्रयागराजपर्यंत पोहोचणारच, तेव्हा धरणांच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी आता तरी तोंड बंद करावे, असा त्याचा सूर होता. ते मला जमले नाही, म्हणून हा धागा.

मासे सोडण्याला माझा विरोध नाही. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्यसंशोधन संस्थेची माणसे नमामि गंगेच्या निधीतून जे करत आहेत, ते ऐऱ्यागैऱ्याचे काम नव्हे. हिल्सा हाताळला की त्याचे खवले गळतात आणि पाण्याबाहेर तो फार वेळ तग धरत नाही; असा मासा खालच्या पात्रात पकडायचा, जिवंत वर न्यायचा, काहींना खुणेची पट्टी लावायची आणि सोडून द्यायचे, यात कसब आहे. आक्षेप आहे तो त्यावरून काढलेल्या निष्कर्षाला.

हिल्सा समुद्रात वाढतो, अंडी घालायला नदीत चढतो, पिल्ले काही महिने गोड्या पाण्यात काढून समुद्रात उतरतात आणि मोठी होऊन पुन्हा नदीत शिरतात. 1975 मध्ये फराक्का सुरू होईपर्यंत अलाहाबाद आणि त्याच्याही वर हा मासा मिळत असे. नंतर बक्सर, भागलपूर, अलाहाबाद या पट्ट्यातली हिल्साची मासेमारी जवळपास संपली. सव्वादोन किलोमीटर लांबीच्या आणि 109 दरवाजांच्या त्या बंधाऱ्यात माशांसाठी वाटा ठेवलेल्या होत्या, पण त्या नावापुरत्याच राहिल्या. पुढे 2019 मध्ये जहाजांसाठीच्या नव्या लॉकगेटमधून रात्री एक ते पहाटे पाच या वेळात माशांना जाऊ देण्याची योजना जाहीर झाली. त्या वाटेने किती मासे चढले, हे मला त्या लेखात वाचायचे होते. तिथे आकडे होते ते फक्त सोडलेल्या माशांचे. दरवर्षी माणसाने उचलून नेल्याशिवाय जो मासा वर दिसत नाही, त्याचे स्थलांतर पूर्ववत झाले असे मानायला मी तयार नाही.

पाटबंधारेवाले काका

महोदय, आपले लेखन भावनाप्रधान आहे. फराक्का हौसेखातर बांधलेला नाही. हुगळी गाळाने भरत चालली होती, कोलकाता बंदर धोक्यात होते, आणि 40,000 क्युसेक पाणी वळवून तो गाळ लोटावा, हा त्यामागचा विचार होता. माशांसाठी बंदर बुडवावे, असे आपले म्हणणे असेल तर तसे स्पष्ट लिहावे.

दुसरे म्हणजे, हिल्सा धरणामुळे नव्हे, तर बेबंद मासेमारीमुळे कमी झाला, याचा पुरावा बांगलादेशात आहे. तिथे फराक्का नाही, तरीही उत्पादन घसरले होते. मग त्यांनी 25 सेंटिमीटरपेक्षा लहान हिल्सा पकडण्यावर नोव्हेंबर ते जून अशी बंदी घातली, ऑक्टोबरमध्ये अंडी घालण्याच्या दिवसांत 22 दिवस मासेमारी पूर्ण थांबवली आणि त्या काळात कोळ्यांना तांदूळ दिला. 2002-03 मधील सुमारे दोन लाख टनांवरून 2017-18 मध्ये उत्पादन पाच लाख टनांच्या पुढे गेले. आपल्याकडे कायदा पाळायचा नाही आणि खापर मात्र अभियंत्यांच्या डोक्यावर फोडायचे, ही जुनी सवय आहे.

हुगळीकाठचा मराठी

काकांनी बांगलादेशाचा दाखला दिला हे बरे झाले, कारण तो त्यांच्याच विरोधात जातो. तिथे पद्मा-मेघनेच्या मुखापासून हिल्साला वर चढायला वाट मोकळी आहे, म्हणून बंदीचा उपयोग झाला. आधी दार बंद करून मग पाहुण्यांसाठी पंगत मांडली, तर जेवायला कोण येणार? बंदराचे म्हणाल, तर हुगळीतला गाळ आजही उपसावा लागतो आणि मोठ्या जहाजांना हल्दिया बंदराचा आधार घ्यावा लागतो. 2016 मध्ये नितीश कुमारांनी फराक्का काढून टाकण्याची मागणी केली, ती माशांसाठी नव्हे, तर बिहारमध्ये गाळ साचून पूर येतो म्हणून.

मात्र कायद्याबद्दल काकांचे म्हणणे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. पश्चिम बंगालमध्ये 23 सेंटिमीटरपेक्षा लहान हिल्सा पकडायला आणि विकायला मनाई आहे, आणि आमच्या बाजारात 'खोका इलिश' म्हणून तळहाताएवढे मासे राजरोस ढीग लावून विकले जातात. मी विकणाऱ्याला एकदा टोकले, तेव्हा त्याने शांतपणे विचारले, "दादा, मोठा घेणार का? किलोचा भाव ऐकून घ्या." भाव ऐकल्यावर मी पुढे काही बोललो नाही.

सिएटलकर

इथे माशांसाठी जिने असतात आणि सामन (सॅल्मन) मासे ते चढतात, पण हिल्सा उड्या मारणारा मासा नाही, त्यामुळे जिन्याची नक्कल करून काही साधणार नाही. हिल्साच्या कुळातला अमेरिकी शॅड मात्र कनेक्टिकट नदीवर होलयोक येथे 1955 पासून लिफ्टमधून धरणापलीकडे नेला जातो, आणि तिथे चढलेल्या माशांची मोजदाद होते. क्लॅमथ नदीवरची चार धरणे 2024 पर्यंत काढल्यावर त्याच शरद ऋतूत सामन वर पोहोचले. तेव्हा हे अशक्य आहे, असे कुणी म्हणू नये.

पाटबंधारेवाले काका

अमेरिकेचा दाखला आल्याशिवाय मराठी माणसाचा धागा पूर्ण होत नाही. क्लॅमथवरची ती धरणे वीजनिर्मितीची होती आणि त्यांची उपयुक्तता संपत आली होती. गंगेच्या पुराचा आणि गाळाचा अंदाज आपण सिएटलहून बांधू नये, ही नम्र विनंती.

खाडीवाली

गंगेतल्या हिल्सासाठी इतकी कळकळ पाहून बरे वाटले. आता जरा आपल्या पायाखाली बघू या. मृगाचा पहिला पाऊस पडला, ओढे वाहते झाले, की पोटात गाबोळी भरलेले मासे खाडीतून आणि नदीतून वर शेतांकडे निघतात. हेही स्थलांतरच आहे. आणि नेमके त्याच रात्री बॅटऱ्या, पाग आणि बोक्शी अशी जाळी घेऊन अख्खे गाव बांधावर उभे असते. दुसऱ्या दिवशी समाजमाध्यमांवर गाबोळीने फुगलेल्या चिवणींची छायाचित्रे आणि त्याखाली 'स्वर्गसुख' असे शेरे. समुद्रात यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै बंदी आहे, कारण तो माशांच्या विणीचा काळ आहे. मग वळगणीला, म्हणजे माशांच्या या चढणीला, वेगळा न्याय का?

चढणीचा खवय्या

ताई, आपण आमच्या ताटावर घसरलात, म्हणून लिहितो. चढणीचे मासे पिढ्यान्‌पिढ्या धरले जात आहेत आणि मासे संपले नव्हते. वर्षातून दोन-चार रात्रींचा हा सण आहे. भात लावायच्या आधी घरात चार पैसे नसताना हेच मासे पोटाला आधार होते. संपले ते कारखान्यांच्या सांडपाण्याने, वाळूच्या उपशाने आणि ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारणाऱ्यांमुळे. लोटे औद्योगिक वसाहतीच्या परिसरातील खाडीकाठच्या कोळ्यांना विचारा. हे बोलायचे सोडून गरिबाच्या पागावर बोट ठेवणे सोपे आहे, आणि ते शहरात बसून आणखी सोपे आहे.

खाडीवाली

शहरात बसून नव्हे, दादा. माझ्या वडिलांच्या हातचा पाग अजून माझ्या घरात खुंटीला आहे आणि तो विणताना सुताचा पीळ कसा धरायचा, हे मला येते. वडील अंगठा मावेल इतका आस, म्हणजे जाळ्याचे छिद्र, ठेवत, म्हणजे बारीक मासा निसटून जाई. आज आमच्या ओढ्यावर मच्छरदाणीचे कापड आडवे बांधतात, बॅटरीचा करंट सोडतात आणि चिवणी सात-आठशे रुपये किलोने मुंबईला जाते. गावाने चार घरे जेवावीत इतके मासे धरणे आणि टेम्पो भरणे यांना एकाच परंपरेचे नाव देऊ नका. गरिबाचे नाव पुढे करून टेम्पोवाल्याची बाजू घेतली जाते, तेव्हा राग येतो.

चढणीचा खवय्या

टेम्पोवाल्याची बाजू मी घेतलेली नाही. तसे सुचवणे हा अपमान आहे. मच्छरदाणी आणि करंट बंद व्हावेत, हे मीही म्हणतो. फक्त बंदी आली की पहिला दंड पागवाल्याला होतो आणि करंटवाला पंचायतीच्या सदस्याचा भाचा निघतो, एवढे लक्षात ठेवा.

आता माझी बाजू ऐका. आमच्या नदीवर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. पावसाआधी त्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढायचे असतात. गेल्या पावसाळ्यात ते तसेच राहिले. पहिल्या पुराला मळ्ये मासे बंधाऱ्याच्या पायथ्याशी येऊन काँक्रीटच्या उतारावर उसळत होते, धडकून खाली पडत होते आणि पुन्हा उसळत होते. काहींच्या नाकाडाला रक्त आलेले दिसत होते. तिथे पागाचीही गरज नव्हती. पोरे टोपल्यांनी भरत होती. त्या रात्री मासे कुणी संपवले, आम्ही की बंधाऱ्याने?

पाटबंधारेवाले काका

बरगे वेळेवर निघत नाहीत, याला तांत्रिक कारणे आहेत. लोखंडी बरगे काढून काठावर रचले की आठवड्यात भंगारात जातात, गोदाम नसते, मजुरांसाठी तरतूद उशिरा येते आणि उन्हाळी पिकाचे शेतकरी शेवटच्या दिवसापर्यंत पाणी सोडू देत नाहीत. एका बाजूला हे सगळे, आणि दुसऱ्या बाजूला मळ्ये. नोकरीत असताना मला एकाही वरिष्ठाने मासे चढले का, असे विचारले नाही. पाणी किती साठले, एवढेच विचारले.

नदीकाठचा (धागाकर्ता)

काका, माझा मूळ लेख ज्यावर होता, तेच आपण शेवटी लिहिलेत. फराक्का पाडा, असे मी कुठेही म्हटलेले नाही. चढणीच्या आठवड्यांत वाट मोकळी ठेवणे हे कुणाच्या कामाचा भाग मानलेच जात नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. मासे सोडणे हा त्या कामाला पर्याय म्हणून मांडला जातो, कारण मासे सोडताना मंत्र्यांना बोलावता येते आणि रात्री एक वाजता दरवाजा उघडताना येत नाही.

पाटबंधारेवाले काका

शेवटचे वाक्य अनावश्यक आहे. बरगे मे अखेरीस निघाले पाहिजेत, हे मान्य. चोरी होणार नाही असा जामीन गावाने दिला तर आणखी मान्य. फराक्काबाबत माझे मत बदललेले नाही.

चढणीचा खवय्या

जामीन आम्ही देतो, गोदाम तुमचे. आणि त्या चार रात्री मच्छरदाणी लावणाऱ्याला अडवायला ताईंनी यावे, म्हणजे शहरातून बोलतात असे मला पुन्हा म्हणता येणार नाही.

खाडीवाली

येते. पाग घेऊन येते, मोठ्या आसाचा. पण गाबोळीवाली मादी मिळाली तर ती परत पाण्यात जाईल, आणि तेव्हा तुम्ही 'स्वर्गसुख' म्हणून हळहळायचे नाही.

हुगळीकाठचा मराठी

तुमचा बंधारा सुटला, तर पुन्हा गंगेकडे या. डिसेंबर 1996 चा भारत-बांगलादेश गंगा पाणीवाटप करार तीस वर्षांचा होता, आणि त्यातले वाटप 1 जानेवारी ते 31 मे या कोरड्या महिन्यांचे आहे, म्हणजे हिल्साची पिल्ले समुद्राकडे उतरतात त्याच काळातले. नव्या वाटाघाटींच्या टेबलावर क्युसेक मोजणारे अभियंते असणारच आहेत. त्यांच्या शेजारी बराकपूरच्या एखाद्या मत्स्यशास्त्रज्ञाला खुर्ची द्यावी, एवढी मागणी काकांनाही मान्य व्हायला हरकत नसावी.

पाटबंधारेवाले काका

खुर्ची द्या. मत देण्याचा अधिकार देऊ नका.