प्रति: पैसे दिले की मदत झालीच ना?
वर कोणीतरी म्हटलंय, वेळ नसेल तर पैसे द्यावेत, तेवढं पुरे. मला नाही पटलं. खारघरला टाटा कॅन्सरच्या केंद्रात रक्ताच्या कॅन्सरची लहान मुलं असतात. केमोनंतर त्यांच्या प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, घसरतात, आणि दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेट जेमतेम ५ दिवस टिकतात. कारखान्यात त्या बनत नाहीत. कोणीतरी उठून जायचं, रक्तातून प्लेटलेट वेगळ्या काढणाऱ्या मशीनजवळ तास-दीड तास पडून राहायचं; दात्याशिवाय दुसरा मार्गच नाही. मे महिन्यात तर फार ओढाताण होते. कॉलेजं बंद, अर्धी नवी मुंबई गावाला. परगावाहून आलेल्या आईबापांनी इथे दाता कुठून शोधायचा? नेरुळ-बेलापूरकरांनो, खारघर काही लांब नाही. आधी केंद्राच्या रक्तपेढीला फोन करा, पोटभर जेवून जा, आणि आधीचे ३ दिवस अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसावी.